अनाहूत ध्वनी आणि विलंब : घरच्या संगणकावरील ध्वनिमुद्रण

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गायिकेचा कंठ आणि मेणाची तबकडी यांच्यामध्ये विजेचा काहीच संबंध नव्हता. गाणाऱ्याने मोठ्या कर्ण्यासमोर तोंड नेऊन गावयाचे. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी बसविलेला पातळ पडदा त्या आवाजाने कंप पावावयाचा आणि त्याला जोडलेले टोकदार हत्यार फिरत्या मेणावर त्या कंपनांची रेषा कोरीत जावयाचे. या पद्धतीच्या उणिवा पुष्कळ होत्या. मंद आवाजाची वाद्ये त्या कर्ण्याला जवळजवळ ऐकूच येत नसत. परंतु जेथे वीजच नव्हती तेथे विजेचा घुमारही नव्हता. १९२५ पासून मायक्रोफोन आणि विवर्धक यांच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले. नाजूक ध्वनी पकडता येऊ लागले आणि त्यांच्या पाठोपाठ न बोलाविलेले ध्वनीही आत शिरले. पुढे ध्वनीचे अंकांत रूपांतर करून ते संगणकात साठविण्याची सोय झाली, तेव्हा आणखी एका दोषाची भर पडली. तो दोष म्हणजे विलंब, ज्याला या क्षेत्रातील लोक लेटन्सी म्हणतात.

आज संगणक, एक मायक्रोफोन, हेडफोन आणि ध्वनीचे अंकांत रूपांतर करणारी इंटरफेस नावाची लहानशी पेटी एवढ्या सामग्रीवर कोणालाही घरी चांगले मुद्रण करता येते. ते बिघडले म्हणजे बहुतेक लोक बाजारात जाऊन काहीतरी नवीन विकत आणतात. हा उपाय सहसा चुकीचा ठरतो. प्रत्येक अनाहूत ध्वनीला स्वतःचा आवाज असतो आणि तो कोठून आला हे त्या आवाजावरूनच पुष्कळ अंशी कळते. तो नीट ऐकून त्याचे ठिकाण शोधावयाचे व मगच हात लावावयाचा, ही पद्धत येथे सांगावयाची आहे.

ध्वनीचा मार्ग

गायकाच्या मुखातून निघालेली लहर प्रथम खोलीतील हवेतून जाते. मायक्रोफोनमध्ये तिचा अत्यंत क्षीण विद्युत्‌दाब बनतो. साधारण गतिशील मायक्रोफोनसमोर बऱ्यापैकी मोठ्याने गाइले तरी हा दाब एक-दोन मिलिव्होल्टच्या घरात असतो. तो केबलमधून इंटरफेसपर्यंत जातो. तेथे विवर्धक त्याला शेकडो पट मोठा करतो, परिवर्तक दर सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० वेळा त्याचे माप घेतो आणि ही मापे अंकांच्या रूपाने संगणकाकडे जातात.

या मार्गातील परिवर्तक हे सीमेवरील नाके होय. नाक्याच्या अलीकडे जे काही मिसळले ते ध्वनीशी एकजीव होते. नाक्याच्या पलीकडे केवळ अंक असतात आणि अंकांना सळसळ किंवा घुमार चिकटत नाही. ते एक तर जसेच्या तसे पोहोचतात किंवा वाटेत गळतात. म्हणून अखंड चालणारा घुमार किंवा सळसळ ऐकू आली तर दोष नाक्याच्या अलीकडे शोधावा. ध्वनी मध्येच तुटत असेल, तडतडत असेल, तर संशय प्रथम संगणकावर घ्यावा. सैल केबलही तडतडते, हा अपवाद लक्षात ठेवावा. केबल हलवून पाहिली की तो लगेच उघडकीस येतो.

घुमार

प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. एका वयोवृद्ध गायनशिक्षकांची बैठक त्यांच्याच घरी मुद्रित करावयाची होती. त्यांचा षड्ज काळी एक पट्टीचा. बैठक दीड तास चालली. ती संपल्यावर त्यांना थोडा भाग ऐकविला, तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, ‘तंबोऱ्याची पंचमाची तार उतरली आहे.’ समोर ठेवलेला तंबोरा छेडून पाहिला तर तो उत्तम लागलेला होता. मुद्रणातील पंचम मात्र खरोखरच हेलकावत होता.

कारण शोधावयास दोन दिवस लागले, आणि ते गणिताइतके सरळ निघाले. काळी एकच्या षड्जाची कंपनसंख्या सुमारे १३८·६. त्याखालच्या पंचमाची तिच्या तीन-चतुर्थांश, म्हणजे सुमारे १०४. आपल्या देशातील विद्युत्‌प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करणाऱ्या चार्जरसारख्या उपकरणात त्याची दुप्पट, म्हणजे १०० कंपने उमटतात. लॅपटॉपच्या चार्जरमधून असा १०० कंपनांचा क्षीण घुमार इंटरफेसमध्ये शिरला होता. १०४ आणि १०० यांच्या संयोगाने सेकंदाला चार ठोके पडत होते, आणि त्या कसलेल्या कानांना ते ठोके म्हणजे उतरलेली तार वाटली. गाण्याच्या भरात हेडफोनमधून तो घुमार मला वेगळा ऐकू आला नव्हता. बैठकीपूर्वी अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करून ती आवाज वाढवून ऐकली असती, तर तो तत्काळ लक्षात आला असता. ती बैठक दुसऱ्यांदा झाली नाही.

तेव्हा पहिली परीक्षा ही अर्धा मिनिट शांततेची. सर्वांना स्तब्ध बसवावे, मुद्रण सुरू करावे आणि मग जे ऐकू येईल त्याचे वर्णन शब्दांत करावे. खोल, मृदू ‘ऊंऽऽ’ असेल तर ५० कंपनांचा संशय घ्यावा. तो सामान्यतः केबलजवळून जाणाऱ्या विजेच्या तारांमुळे, एखाद्या ट्रान्सफॉर्मरमुळे किंवा केबलच्या तुटलेल्या वेष्टनामुळे येतो. त्याहून कर्कश, भुंग्यासारखी भणभण असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा प्रकाश कमीजास्त करणारा डिमर किंवा स्वस्त प्रकारचा इन्व्हर्टर यांच्याकडे पाहावे. रेग्युलेटर व डिमर विजेच्या प्रत्येक आवर्तनाचा काही भाग कापून टाकतात आणि कापलेल्या त्या धारदार कडांतून असंख्य उच्च कंपने निघतात. पंखा पूर्ण वेगावर ठेवल्याने ही भणभण बरीच कमी होते. अर्थात मग पंख्याचा वारा मायक्रोफोनवर येतो. मुद्रण चालू असेपर्यंत उकाडा सोसणे याला खरा पर्याय नाही. बारीक शिट्टीसारखा एकच स्वर, बहुधा १,००० किंवा ८,००० कंपनांच्या आसपास, ऐकू येत असेल तर तो यूएसबी जोडणीचा असतो. त्या जोडणीतून माहितीचे गठ्ठे सेकंदाला नेमके इतक्याच वेळा पाठविले जातात.

यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष नाहीसा झाला, तर आपण काहीच शिकत नाही. मायक्रोफोन काढून घ्यावा. घुमार तसाच राहिला तर खोली आणि मायक्रोफोन दोन्ही निर्दोष. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. घुमार येथेच थांबतो असे माझ्या पाहण्यात कितीतरी वेळा आले आहे. नाही थांबला तर घरातील स्विचबोर्डाचे एकेक कळफलक बंद करीत जावे. फ्रीजही विसरू नये. सारे घर अंधारात गेल्यावरही घुमार येत असेल तर शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे काय आहे हे विचारावयास हरकत नाही.

अर्थिंगविषयी

येथे एक धोक्याची सूचना करणे भाग आहे. दोन उपकरणे दोन वेगळ्या सॉकेटांतून चालत असतील आणि शिवाय केबलने एकमेकांस जोडलेली असतील, तर त्यांच्या अर्थिंगच्या तारा व केबल मिळून एक मोठे वर्तुळ तयार होते. या वर्तुळात आसपासच्या विजेमुळे प्रवाह वाहू लागतो आणि तो घुमाराच्या रूपाने ऐकू येतो. प्लगची जाड, तिसरी पिन काढून टाकली किंवा तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली तर वर्तुळ तुटते व घुमार थांबतो. अनेक ठिकाणी हा उपाय मोठ्या हौसेने सांगितला जातो. तो कधीही करू नये. उपकरणातील एखादी सजीव तार सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर प्रवाहाला जमिनीत जाण्यासाठी तीच तिसरी पिन वाट देते आणि फ्यूज उडतो. ती नसेल तर फ्यूज उडत नाही आणि मायक्रोफोन हातात धरलेला गायक हीच प्रवाहाची वाट बनतो.

वर्तुळ मोडण्याचे सुरक्षित मार्ग आहेत. सर्व उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, एकाच सॉकेटमधून चालवावीत. वर्तुळ इतके लहान होते की त्यात फारसे काही उत्पन्न होत नाही. तीन टोकांची संतुलित केबल वापरावी. तिच्यातील दोन तारांत ध्वनी उलटसुलट दिशेने वाहतो, बाहेरचा घुमार मात्र दोन्हींत एकाच दिशेने शिरतो. इंटरफेस या दोन तारांतील फरक तेवढा घेत असल्यामुळे घुमार वजा होऊन जातो. एवढ्याने भागले नाही तर ध्वनीच्या मार्गात लहान विलगीकरण ट्रान्सफॉर्मर घालावा.

आपल्याकडील अनेक जुन्या घरांत याच्या उलट स्थिती असते. भिंतीत तिसरे भोक असते, परंतु त्यामागे तारच नसते. लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवरून बोट फिरविताना झिणझिण्या येत असतील, किंवा केबलच्या धातूच्या टोकाला स्पर्श करताच घुमार कमी होत असेल, तर अर्थिंग नाही असे समजून जाणत्या वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. ध्वनिमुद्रणाचे निमित्त नसते तरी ही तपासणी आवश्यकच होती.

सळसळ आणि अंतर

दूरच्या पावसासारखी अखंड सळसळ हा निराळा प्रकार आहे. तिचा एक भाग निसर्गनियमानेच येतो. कोणत्याही विद्युत्‌रोधातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत अस्वस्थ हालचाल करतात. जॉन्सन यांनी हा दाब मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याची उपपत्ती दिली. दोघांचेही निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. १५० ओहम रोधाच्या मायक्रोफोनमध्ये, कानाला ऐकू येणाऱ्या कंपनांच्या मर्यादेत, तो सुमारे ०·२२ मायक्रोव्होल्ट भरतो. याखाली कोणालाही जाता येत नाही. परंतु घरगुती मुद्रणातील सळसळ याहून पुष्कळ मोठी असते आणि तिचे कारण बहुधा एकच असते : मायक्रोफोन फार दूर आहे, म्हणून विवर्धकाची कळ फार फिरवावी लागली आहे.

अंतर निम्मे केले की आवाज सहा डेसिबेलने वाढतो. साठ सेंटिमीटरवरचा मायक्रोफोन पंधरा सेंटिमीटरवर आणला तर बारा डेसिबेल मिळतात, आणि ते फुकट मिळतात. खोलीचा प्रतिध्वनी, रस्त्यावरचे भोंगे, शेजारच्या कुकरची शिट्टी हे सारे मात्र होते तेथेच राहते. दुप्पट किमतीचा मायक्रोफोन विकत घेऊन इतका लाभ क्वचितच होतो. जवळ आल्याने ‘प’, ‘फ’, ‘भ’ या वर्णांचा वारा पडद्यावर आदळतो. त्यासाठी मायक्रोफोन ओठांच्या समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवावा. जवळून गाताना खर्ज थोडा भारी होतो, हेही लक्षात असू द्यावे. खोलीसाठी महागड्या फोमची गरज नाही. गाद्या, रजया, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट यांच्याकडे तोंड करून बसले तरी पुष्कळ कार्य साधते.

कळ किती फिरवावी? पूर्वी फितीवर मुद्रण करताना सळसळ झाकण्यासाठी पातळी शक्य तितकी वर ठेवीत. चोवीस बिटांच्या मुद्रणात १,६७,७७,२१६ पायऱ्या उपलब्ध असतात, तेव्हा त्या जुन्या सवयीचे कारण उरलेले नाही. सर्वांत मोठा स्वर कमाल पातळीच्या बारा डेसिबेल खाली, म्हणजे तिच्या एक-चतुर्थांशाच्या आसपास राहील असे करावे. वर गेलेला आवाज कापला गेला तर तो परत मिळत नाही; थोडा खाली राहिलेला नंतर निर्धास्तपणे वाढविता येतो.

मुद्रण झाल्यावर सळसळ पुसून टाकणाऱ्या आज्ञावल्या आज सहज मिळतात. त्या कशावर विसंबून काम करतात हे जाणून घेतले पाहिजे. जो ध्वनी बदलत नाही तो अनाहूत, असा त्यांचा साधारण सिद्धान्त असतो. पाश्चात्त्य भाषणासाठी तो ठीक असेल. आपल्या संगीतात न बदलणारा ध्वनी म्हणजे तंबोरा. २०२० साली संगीताच्या शिकवण्या संगणकावरून होऊ लागल्या, तेव्हा शिष्यांना गुरूंचा गळा ऐकू येई आणि तंबोरा नाहीसा होई, तो याच कारणाने. असली सोय मुद्रणापूर्वी शोधून बंद करावी. वर सांगितलेल्या बैठकीतील १०० कंपने गाळणीने कापण्याचा प्रयत्न मी करून पाहिला. त्यांच्याबरोबर पंचमाचे अंगही गेले. शेवटी घुमार तसाच ठेवला.

विलंब

आता दुसऱ्या दोषाकडे वळू. संगणक ध्वनीची मापे एकेक करून हाताळत नाही. तो ती एका साठ्यात जमू देतो आणि साठा भरला म्हणजे एकदम उचलतो. नळाखाली घागर लावून दुसऱ्या कामाला जाणाऱ्या गृहिणीसारखी ही रीत आहे. घागर मोठी असेल तर तिला निवांतपणा मिळतो, परंतु पाणी स्वयंपाकघरात उशिरा पोहोचते. भांडे लहान असेल तर पाणी लवकर पोहोचते, मात्र वारंवार यावे लागते, आणि एकदा जरी उशीर झाला तर पाणी सांडते. या साठ्याला बफर म्हणतात आणि सांडलेले पाणी म्हणजे ती तडतड. विलंब आणि तडतड हे दोन स्वतंत्र दोष नसून एकाच तराजूची दोन पारडी आहेत.

सेकंदाला ४८,००० मापे घेत असताना २५६ मापांचा साठा भरण्यास ५·३ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक साठा आणि बाहेर जाताना दुसरा, म्हणजे १०·७ मिलिसेकंद. परिवर्तकांचा व ड्रायव्हरचा वेळ यात आणखी मिळवावा लागतो. हवेतील ध्वनी इतक्या वेळात सुमारे पावणेचार मीटर जातो. व्यासपीठाच्या दुसऱ्या कडेला बसलेल्या साथीदाराबरोबर गाण्यासारखे हे आहे. पुष्कळांना ते चालते. १,०२४ मापांचा साठा ठेवला तर दोन्ही मिळून ४३ मिलिसेकंद होतात. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात पाव मात्रा ६२·५ मिलिसेकंदांची असते. तिचा दोन-तृतीयांश भाग विलंबातच गेला तर तबलजी काय वाजविणार?

गायकाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. स्वतःचा आवाज त्याला हाडांतून तत्क्षणी ऐकू येतो आणि हेडफोनमधून थोड्या उशिराने पुन्हा ऐकू येतो. पाच मिलिसेकंदांच्या फरकानेसुद्धा १००, ३००, ५०० अशा कंपनांच्या जागी दोन्ही लहरी एकमेकींस मारतात आणि आवाज पिंपात तोंड घालून गाइल्यासारखा पोकळ वाटतो. विलंब याहून फार वाढला तर बोलणेही अडखळते. एक-पंचमांश सेकंदाच्या आसपास उशिराने स्वतःचे शब्द ऐकविले असता चांगला बोलणारा तोतरा होतो, हे बर्नार्ड ली या संशोधकाने १९५० सालीच नोंदविले होते. बिनतारी ब्लूटूथ हेडफोनांचा विलंब बहुधा १०० मिलिसेकंदांहून अधिक असतो. गाताना ते वापरूच नयेत.

उपाय आहे आणि तो बहुतेक इंटरफेसवर तयारच असतो. डायरेक्ट मॉनिटर असे लिहिलेली कळ फिरविली की मायक्रोफोनचा आवाज संगणकात न जाता परस्पर हेडफोनमध्ये येतो. मग साठा खुशाल मोठा ठेवावा. मात्र संगणकाकडून परत येणारा तोच आवाज बंद करावा, नाहीतर दोन्ही ऐकू येतील. संगणकातील कृत्रिम वाद्य वाजवावयाचे असेल तर ही युक्ती चालत नाही. तेथे साठा २५६, मग १२८, मग ६४ असा उतरवीत जावे आणि तडतड सुरू होताच एक पायरी वर यावे. विंडोज वापरणाऱ्यांनी इंटरफेसबरोबर आलेला एएसआयओ ड्रायव्हर निवडावा. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आणलेली ही व्यवस्था मधल्या मिश्रणाच्या थरांना वळसा घालते. साठा मोठा करूनही तडतड राहत असेल तर वायफाय बंद करून पाहावे, वीज वाचविणारी योजना काढून टाकावी, मागे चालणारी इतर कामे थांबवावीत.

एक दोष विलंबाचा वाटतो परंतु नसतो. ४४,१०० मापांनी मुद्रित केलेला ध्वनी ४८,००० च्या हिशेबाने वाजविला तर तो जलद होतो आणि पट्टी सुमारे दीड अर्धस्वराने चढते. गायकाला आपला स्वर सुटला असे वाटण्यापूर्वी दोन्हीकडचे आकडे जुळवून घ्यावेत.

आधी मुद्रित केलेल्या तालावर नंतर गायन चढवावयाचे असेल, तर संगणक विलंबाचा हिशेब करून नवे मुद्रण मागे सरकवितो. परंतु ड्रायव्हरने सांगितलेला आकडा नेहमी खरा नसतो. तो तपासण्यासाठी इंटरफेसच्या बाहेर जाणाऱ्या छिद्रातून आत येणाऱ्या छिद्रात एक केबल जोडावी, एक टिचकीचा आवाज वाजवून तो मुद्रित करावा आणि पडद्यावर दोन्ही टिचक्यांमधील मापे मोजावीत. ३०० मापांचा फरक आढळला तर तो ६·२५ मिलिसेकंदांचा झाला. तितकी दुरुस्ती आज्ञावलीत कायमची नोंदवून ठेवता येते.

दोन वेगळ्या यंत्रांवर, उदाहरणार्थ गायन संगणकावर आणि तबला दुसऱ्या मुद्रकावर, घेतले असेल तर ही दुरुस्ती पुरत नाही. दोन्ही यंत्रांची घड्याळे आपापल्या स्फटिकांवर चालतात. त्यांच्यात दशलक्षात पन्नास भागांचा फरक असला तरी तासाभरात ०·१८ सेकंदाचे अंतर पडते, आणि ते सुरुवातीस शून्य असल्याने ध्यानातही येत नाही. अशा वेळी बैठकीच्या आरंभी एक व शेवटी एक अशी खणखणीत टाळी दोन्ही यंत्रांना ऐकू जाईल अशा जागी उभे राहून वाजवून घ्यावी. पहिल्या टाळ्या जुळवून झाल्या की दुसऱ्या टाळ्यांतील फरक दिसतो, आणि तेवढ्या प्रमाणात एक मुद्रण किंचित ताणावे किंवा आखडावे लागते.